धुळ्यातलं डेक-रेकॉर्ड दुरुस्तीचं दुकान आणि ‘आप जैसा कोई’

धुळ्यात पाचकंदीलजवळच्या एका बोळात जुने टेप, डेक आणि रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करणारं छोटंसं दुकान आहे. पाटी नाही. चालवणाऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. कॅसेट आणि रेकॉर्ड पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं कामही ते करतात. मी शिरपूरहून आमचा जुना रेकॉर्ड प्लेयर, कॅसेट वाजवायचा डेक, वडिलांच्या कॅसेटींची पिशवी आणि ‘कुर्बानी’ चित्रपटाची पॉलिडॉर कंपनीची रेकॉर्ड घेऊन गेले होते. कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. ते का, हे सांगायचं तर एका गाण्याबद्दल बोलावंच लागेल.

आधी प्लेयरचं. आपल्याकडचा मे महिना माणसाला सोसत नाही, तिथे रबराचं काय! आतला बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटला होता. आप्पांनी ती चिकट घाण कापसाने आणि स्पिरिटने पुसून काढली, नवा बेल्ट टाकला, सुई बदलली. एका बाजूचा स्पीकर मुकाच होता. शिरपुरातल्या एका मेकॅनिकने “स्पीकर गेला, नवा घ्या” म्हणून सांगितलं होतं. आप्पांनी सुईच्या दांडीतली तुटलेली बारीक तार जोडली, स्पीकर बोलायला लागला. कॅसेटींचा आवाज दबून येत होता, तेव्हा घरी सगळ्यांनी पट्टीलाच दोष दिला होता. आप्पांनी माझी कॅसेट त्यांच्या डेकवर लावली, मग माझ्या डेकवर लावली आणि म्हणाले, “ताई, पट्टी नही, हेड खराब शे.” हेड म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणारा डेकमधला भाग. तो साफ केल्यावर वडिलांच्या आवडीची भजनं अशी खणखणीत ऐकू आली की मी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

दुरुस्ती झाल्यावर त्यांनी तपासायला ‘कुर्बानी’चीच रेकॉर्ड मागितली आणि सुई थेट ‘आप जैसा कोई’वर ठेवली. हे गाणं त्यांनी का निवडलं, ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं. त्यात लपायला जागाच नाही. बेसचा ठेका, त्यावर गिटार, आणि मधे भरपूर मोकळी जागा. मशीन घरघरलं, प्लेयर हळू फिरला की लगेच उघडं पडतं.

ही मोकळी जागा आली कुठून? चित्रपट 1980चा. बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकच संगीतकार बिद्दूचं. बिद्दू मूळचा बंगळुरूचा, साठच्या दशकात लंडनला गेलेला. 1974 साली गायक कार्ल डग्लसकडून त्याने ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतलं, तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायचं म्हणून, सेशनच्या शेवटी उरलेल्या थोड्या वेळात. ते इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. डिस्कोचा असा मुरलेला माणूस ‘कुर्बानी’चा निर्माता-दिग्दर्शक फिरोज खानने हिंदी गाण्यासाठी गाठला. आणि आवाज? लंडनमध्ये फिरोज खानला नाझिया हसन भेटली, ती झीनत अमानच्या ओळखीने. मूळची कराचीची, लंडनमध्ये शाळेत शिकणारी, जेमतेम पंधरा वर्षांची मुलगी. शब्द इंदीवरांचे, रेकॉर्डिंग लंडनचं.

त्या वेळी मुंबईत शंभर-शंभर वादक एका हॉलमध्ये बसवून गाणं एकदम घेतलं जायचं. त्याचं वैभव मला मान्यच आहे, मी त्याच गाण्यांवर वाढले. पण लंडनच्या स्टुडिओत एकेक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेता यायचं, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे बिद्दूच्या हातात होतं. त्याने बरंच गाळलं. नाझियाचा आवाज कोवळा, किंचित नाकातला. तालमीत तयार झालेल्या पार्श्वगायिकेचा तो नव्हता. तो दोन पदरी करून वर प्रतिध्वनी चढवल्यासारखा ऐकू येतो आणि त्या रिकाम्या जागेत तरंगत राहतो. पुढच्याच वर्षी तिला फिल्मफेअर मिळालं. तो पुरस्कार मिळवणारी ती सर्वांत लहान पार्श्वगायिका. 1981 साली भाऊ झोहेबसोबत ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. पुढे ती कायदा शिकली, संयुक्त राष्ट्रांत काम केलं आणि 13 ऑगस्ट 2000 रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेली. हे लिहितानाही मला वाईट वाटतं.

गाणं मात्र राहिलं. 2022 मध्ये एका हिंदी चित्रपटात ते नव्याने आलं, माझ्या भाचीला तेच माहीत होतं. आमच्याकडे हळदीत आधी अहिराणी गाणी वाजतात, मग कुणीतरी डीजेवाल्याकडे हे मागतं, आणि आजी-मावश्यांपासून सगळे हात वर करतात. पण नव्या रूपात प्रत्येक फट भरून टाकलेली आहे, आणि डीजे वरून छाती हादरेल इतका बेस चढवतो. चाल तीच राहते, नाझिया मागे पडते. चाळीसेक वर्षांनंतरही लोक या गाण्याकडे वळतात ते चालीइतकंच त्या मोकळेपणासाठी, असं माझं ठाम मत आहे. आप्पांच्या दुकानात दोन्ही स्पीकरमधून ते ऐकताना हे पटलं. भाची सोबत होती. मोबाइल खिशात टाकून तिने गाणं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, “मावशी, ही कोण गातेय?”

पेनड्राइव्हवर उतरवतानाही आप्पा बेस वाढवून देत नाहीत, खरखर काढायच्या नादात आवाज बोथट करत नाहीत. रेकॉर्ड आधी धुतात, मग जशी आहे तशी उतरवतात. एका गिऱ्हाइकाने “थोडं दणदणीत करा” म्हटलं, तर त्यांनी चक्क नकार दिला. मला हे फार आवडलं.

पैसे: एका कॅसेटचे 150 रुपये, रेकॉर्डचे 250. प्लेयरचं सगळं काम बेल्ट-सुईसकट 1,800 मध्ये झालं. सुई मुंबईहून मागवावी लागली.

उणिवाही आहेत. आप्पा एकटेच काम करतात, त्यामुळे सांगितलेली तारीख पुढे जाते. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. पेनड्राइव्हवरच्या फायलींना नावं नसतात, घरी बसून एकेक ऐकून नावं द्यावी लागतात. भजनांच्या कॅसेटींना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. लग्नसराईत तर जाऊच नका, ॲम्प्लिफायर घेऊन आलेल्या मंडपवाल्यांची रांग असते. कॅसेट नेणार असाल तर आधी पट्टी हाताने गुंडाळून घट्ट करून न्या, आणि ऐकायला म्हणून तुमची एखादी ओळखीची रेकॉर्ड सोबत ठेवा. आप्पा ती पूर्ण वाजवून दाखवल्याशिवाय पैसे घेत नाहीत.