अ‍ॅन्सिबलमधली जेसन क्वेरी: आठ महिने वापरल्यावर

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढची कुरकुर कुठून येते ते कळेल. आमच्याकडे साधारण दोनशे लिनक्स सर्व्हर आहेत, आणि ते अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनाने सांभाळतो. त्या सगळ्यांची माहिती एका इन्व्हेंटरी एपीआयमधून येते आणि ती डब्यात डबा अशी असते: साइटमध्ये क्लस्टर, क्लस्टरमध्ये सर्व्हर, सर्व्हरमध्ये इंटरफेस, इंटरफेसच्या पोटात पत्त्यांची यादी. मला बहुतेक वेळा हवा असतो तो सगळ्यात आतला आयपी.

पूर्वी मी लूपमध्ये लूप घालायचो. अ‍ॅन्सिबलमध्ये त्यासाठी आतल्या टास्कची वेगळी फाइल करून ती इन्क्लूड करावी लागते, आणि लूप व्हेरिएबलचं नाव बदलायला विसरलं की आतला आयटम बाहेरच्याला गिळतो. त्याला कंटाळून जेसन क्वेरीकडे वळलो, म्हणजे डब्यात डबा असलेल्या डेटातून हवं तेवढंच काढणाऱ्या फिल्टरकडे. हा फिल्टर आत जेम्सपाथ ही क्वेरीची भाषा वापरतो. एडब्ल्यूएसच्या कमांड लाइनवर क्वेरीचा पर्याय कधी वापरला असेल तर तीच ही भाषा.

बसवताना पहिली ठेच लागते. फिल्टर कम्युनिटी जनरल कलेक्शनमध्ये आहे, पण जेम्सपाथची पायथन लायब्ररी वेगळी टाकावी लागते, तीही कंट्रोल नोडवर (जिथून सगळं चालवतो ते मशीन) आणि अ‍ॅन्सिबल ज्या पायथनवर चालतं त्यातच. मी ती सिस्टिमच्या पायथनमध्ये टाकली आणि अर्धी दुपार स्क्रीनकडे बघत बसलो. अ‍ॅन्सिबल पिपएक्सने (पायथनचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात बसवणारं साधन) बसवलं असेल तर लायब्ररी तिथेच इंजेक्ट करा.

पहिले दोन महिने मात्र मजेत गेले. दोन फाइलींत पसरलेला लूप एका ओळीत आला. [*] लिहिलं तर यादीच्या आत यादी तशीच राहते आणि नुसतं [] लिहिलं तर एक पातळी सपाट होते. हा फरक कळला त्या दिवशी अर्धी भाषा आली असं समजा.

अवतरणचिन्हांचा छळ वेगळाच. यामलची (ज्यात प्लेबुक, म्हणजे कामांची यादी, लिहितो) वेगळी, जिंजाची (व्हेरिएबल आणि फिल्टर लिहायची टेम्प्लेट भाषा) वेगळी, जेम्सपाथची तिसरीच. की मध्ये हायफन असेल तर ती दुहेरी अवतरणात, मजकूर एकेरीत, आकडा बॅकटिकमध्ये. हे सगळं एका ओळीत कोंबू नका. क्वेरी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, यामलच्या उभ्या दांडीखाली; डोळे आणि डोकं दोन्ही वाचतात. यादीवर 'कंटेन्स' किंवा 'स्टार्ट्स विथ' लावलं आणि 'इनव्हॅलिड टाइप' अशी चूक आली, तर डेटा आधी जेसनमध्ये नेऊन परत आणायचा, टू जेसन आणि मग फ्रॉम जेसन. दिसायला वेडगळ, पण चालतं.

आता खरं दुखणं. सर्टिफिकेट बदलायचं आमचं प्लेबुक आधी नवी फाइल सगळीकडे कॉपी करतं, मग ज्या सर्व्हरवर पोर्ट ४४३ (एचटीटीपीएसचं) आहे तेवढेच गाळून तिथला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड करतं. एका अपडेटनंतर एपीआय पोर्ट आकड्याऐवजी मजकूर म्हणून पाठवायला लागला. माझ्या क्वेरीत बॅकटिकमधला आकडा. जुळणी शून्य, यादी रिकामी, लूप एकदाही फिरला नाही, टास्क स्किप, आणि शेवटी रिकॅपमध्ये फेल्ड शून्य. अकरा दिवसांनी, रविवारी, साइट एक्सपायर्ड. सर्व्हरवर जाऊन फाइल बघतो तर तारीख पुढच्या वर्षाची! एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत मेमरीतलंच जुनं सर्टिफिकेट देत राहतो, हे आठवायला मला चाळीस मिनिटं लागली.

की सापडली नाही तर जेम्सपाथ नल (म्हणजे 'काही नाही') देतो आणि गप्प बसतो. त्याच्या व्याख्येतच हे आहे, त्यामुळे बग म्हणता येत नाही. साधा जिंजा मार्ग याबाबतीत भांडखोर आहे: नसलेली की मागितली की अ‍ॅन्सिबल तिथेच थांबतं. मला हे भांडण हवंय. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर पोर्टचा घोळ यादी गाळणाऱ्या जिंजाच्या सिलेक्टअ‍ॅटरनेही पकडला नसता, कारण की होती, फक्त तिचा प्रकार बदलला होता. म्हणून आता गाळलेल्या प्रत्येक यादीखाली एक असर्ट असतो: लांबी शून्यापेक्षा जास्त, नाहीतर थांब.

जिंजाच्याही खोड्या आहेतच. की चं नाव 'आयटम्स' किंवा 'कीज' असेल तर डॉट लावून पायथनची मेथड हातात येते. तिथे चौकटी कंसच हवा. डिफॉल्ट (किंमत नसेल तर वापरायची पर्यायी किंमत) फक्त अनडिफाइन्डला लागतो, नलला लागत नाही. दुसरा आर्ग्युमेंट ट्रू दिला तर नलला लागतो, पण मग फॉल्स आणि शून्यही गिळतो. जेक्यू (जेसन चाळायचं कमांड लाइनचं साधन) वापरणाऱ्यांनी हसू नये, त्यांच्या // चंही असंच: 'एनेबल्ड' फॉल्स असेल आणि // पुढे ट्रू लिहिलं असेल, तर उत्तर ट्रू येतं. एक गोष्ट मात्र जिंजाच्या बाजूची: अ‍ॅन्सिबल २.८ पासून मधली पायरीच गायब असली तरी शेवटी लावलेला डिफॉल्ट चालतो. पूर्वी प्रत्येक पायरीला वेगळा लावावा लागायचा.

आज हिशेब असा: एकतीस ठिकाणी जेसन क्वेरी होती, आता सहा उरल्यात. तीन-चार पातळ्या खाली जाऊन गाळायचं आणि वर निवडक रकाने नव्या नावांनी काढायचे, असं काम असेल तर तिला तोड नाही. रूट डिस्कवर जागा किती उरली यासाठी मात्र फॅक्ट्समधल्या (सर्व्हरकडून गोळा केलेली माहिती) माउंट्सवर सिलेक्टअ‍ॅटर, मॅप आणि फर्स्ट पुरतात. शिवाय नवीन आलेल्या मुलालाही ते वाचता येतं.

गेल्या महिन्यात एपीआयने पोर्ट पुन्हा आकड्यात पाठवायला सुरुवात केली, अर्थात कुणाला न सांगता. तोवर माझ्या क्वेरीत मजकूर होता. या वेळी असर्टने रात्री पावणेदोनला फोन वाजवला. उठलो, क्वेरीत पोर्टला टू स्ट्रिंग लावलं, पुन्हा रन केलं आणि झोपलो.