जुनी नॅनो घ्यावी की जुनी अल्टो ८००?

आजवर स्कूटरवर भागवलं, आता घरात पहिली चारचाकी घ्यायची आहे आणि हातात फार पैसे नाहीत. अशा वेळी जुन्या गाड्या बघायला निघालं की दोन नावं हमखास समोर येतात: टाटा नॅनो आणि मारुती अल्टो ८००. दोन्ही आता नव्या मिळत नाहीत. नॅनोचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं, अल्टो ८०० चं २०२३ मध्ये. म्हणजे जाहिरातीत काय लिहिलं होतं ते सोडून द्यायचं आणि इतकी वर्षं गाडी वापरणारे काय सांगतात ते ऐकायचं. आमच्या नात्यात दोन्ही गाड्या आहेत आणि ओळखीच्या गॅरेजमध्येही दोन्ही येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात एकच गाडी असणार आणि तीच गावाला न्यायची असेल, तर अल्टो घ्या. गाडी गावातल्या गावात फिरणार आणि घरात गुडघेदुखीची माणसं असतील तर नॅनो, पण २०१४ नंतरचीच.

बसण्यापासून सुरुवात करू, कारण नॅनोवाल्यांचं गाडीवर प्रेम जडतं ते इथेच. नॅनो अल्टोपेक्षा जवळजवळ फूटभर आखूड, पण अर्ध्या फुटाने उंच. इंजिन मागे असल्यामुळे पुढची सगळी जागा माणसांसाठी मोकळी राहते. दार उघडलं की सीट बरोबर मांडीच्या उंचीला येते. आमच्या मावशींचे दोन्ही गुडघे गेलेले. अल्टोत बसताना आधी पाठ टेकवायची, मग डोकं सांभाळायचं, मग हाताने पाय उचलून आत घ्यायचा, असा सगळा सोहळा व्हायचा. नॅनोत त्या खुर्चीवर बसावं तशा बसतात आणि कुणाचा हात न धरता उतरतात. मागच्या सीटवरही पाय नीट पसरता येतात. अल्टोत पुढे उंच माणूस बसला की मागच्याचे गुडघे त्याच्या सीटला लागलेच. दवाखाना, देऊळ, भाजी, नातवंडांची शाळा एवढ्यासाठी गाडी हवी असेल, तर हा एकच मुद्दा बाकीच्या दहा मुद्द्यांना पुरून उरतो.

सामानाचं मात्र उलट आहे. अल्टोची डिकी १७७ लिटरची, म्हणजे दोन बॅगा आणि वर एखादी पिशवी. नॅनोत मागच्या सीटच्या पाठीमागे जेमतेम कप्पा आहे, त्याच्या खाली इंजिन. लांबच्या प्रवासात तो भाग चांगलाच तापतो, तिथे दूध किंवा मिठाईचा खोका ठेवू नये. शिवाय २०१५ च्या जेनएक्स या सुधारित नॅनोआधीच्या गाड्यांना डिकीचं दार उघडतच नाही. पिशवी आत ठेवायची तर सीट पाडून आतूनच. स्टेपनी पुढच्या बॉनेटखाली असते आणि पेट्रोलचं झाकणही तिथेच. पंपावर नवा पोरगा असला की तो नळी घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारतो, मग आपण बॉनेट उघडून दाखवायचं. याची सवय होते. टाकीची होत नाही. जुन्या नॅनोची टाकी १५ लिटरची. लिटरला १८ किलोमीटर धरले तर पुण्याहून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत काटा तळाला जातो. जेनएक्समध्ये टाकी २४ लिटरची झाली. अल्टोची ३५ लिटर आहे, एकदा भरली की डोक्याला ताप नाही. अॅव्हरेजमध्ये दोघींत म्हणावा असा फरक नाही. चालवणाऱ्याचा पाय आणि गावातलं ट्रॅफिक यावरच ते जास्त ठरतं.

चालवायला शहरात नॅनो अप्रतिम आहे. चार मीटरची वळणत्रिज्या म्हणजे पेठेतल्या बोळातही गाडी सहज फिरते. पुढे इंजिनाचा भार नाही, त्यामुळे चालत्या गाडीत स्टिअरिंग हलकंच लागतं. जागेवर फिरवताना मात्र पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत खांदा भरून येतो. पॉवर स्टिअरिंग जानेवारी २०१४ च्या नॅनो ट्विस्ट या मॉडेलपासून आलं, म्हणून मी २०१४ चा आग्रह धरतो. २०१५ नंतर ऑटोमॅटिक गिअरची नॅनोही निघाली. उतारवयात गाडी शिकणाऱ्यांना ती फार सोयीची पडते. चांगल्या स्थितीतली दिसली तर सोडू नका.

गाव सोडून हायवेला लागलात की पारडं फिरतं. नॅनोचं इंजिन ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं. ताकद सुरुवातीला ३५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), २०१२ पासून ३८. मॅन्युअल गाडीला गिअर चारच. सिग्नलला उभी असताना थरथर जाणवते आणि ऐंशीच्या पुढे आवाज एवढा की मागच्यांशी मोठ्याने बोलावं लागतं. गाडी उंच आणि हलकी, त्यामुळे शेजारून कंटेनर गेला की झोत लागतो आणि स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं. अल्टोही काही पैलवान नाही: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ४८ पीएस. पण पाच गिअर आहेत, गाडी रस्त्याला धरून चालते आणि ओव्हरटेक करताना थोडी तरी ताकद शिल्लक असते. खंबाटकी घाट चढताना चौघे बसलेले असले तर एसी दोन्ही गाड्यांचा बंद करावा लागतो. फरक एवढाच, की अल्टो तिसऱ्यावर रेटत नेता येते आणि नॅनो दुसऱ्यावर येऊन गुरगुरत राहते. कराडहून कुंभार्ली घाटातून दर महिन्याला चिपळूणला जाणारे एक गृहस्थ आहेत. नॅनोने त्यांना कधी रस्त्यात सोडलं नाही, पण प्रत्येक वेळी पोहोचल्यावर दमल्यासारखं होतं म्हणून त्यांनी ती विकून अल्टो घेतली.

दुरुस्तीच्या बाबतीत तर तुलनाच नको. अल्टो ८०० चं इंजिन जुन्या मारुती ८०० च्याच घराण्यातलं. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडमागच्या कुठल्याही गॅरेजात त्यावर काम करणारे हात तयार आहेत आणि पार्ट दुपारपर्यंत मिळतो. नॅनोत मिस्त्रीला आधी मागचं आवरण काढावं लागतं, मग इंजिनाला हात लागतो. त्यामुळे काही जण गाडी बघूनच नको म्हणतात. रेडिएटरही मागेच, त्याला हवा मागच्या चाकांपुढच्या खाचांतून मिळते. तिथे चिखल-धूळ बसून राहिली की इंजिन तापायची पाळी येते, म्हणून पावसाळा संपला की तो भाग साफ करून घ्यायचा. टायरही दोन मापांचे: पुढे १३५, मागे १५५ रुंदीचे. स्टेपनी पुढच्या मापाची, म्हणजे मागचं चाक पंक्चर झालं तर तिच्यावर फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. लहान गावात हे टायर मागवून घ्यावे लागतात. तेव्हा नॅनो घेण्याआधी ती मनापासून दुरुस्त करणारा मिस्त्री आपल्या गावात आहे का ते शोधा. नसेल तर गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. टोचन करून दुसऱ्या गावाला न्यायचा खर्च आणि मनस्ताप परवडत नाही.

आता सुरक्षितता. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या छोट्या गाड्यांच्या टकरीच्या चाचण्या केल्या, त्यात नॅनो आणि अल्टो ८०० दोघींनाही शून्य तारे मिळाले. नॅनोत एअरबॅग कधी आलीच नाही. अल्टोत एप्रिल २०१९ मध्ये बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांत बसणारं इंजिन आलं, तेव्हापासून चालकाची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी सोय) सगळ्या मॉडेलना मिळू लागलं. त्याने गाडीचा पत्रा मजबूत होत नाही, हे खरंच. पण घरात लहान मुलं असतील आणि हायवेला जाणं होणार असेल, तर थोडे जास्त पैसे जमवा, दोन-चार महिने थांबा आणि २०१९ नंतरचीच अल्टो घ्या, असं मी कळकळीने सांगेन. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, गाडी कुठलीही असो.

अल्टो बघताना एक लक्षात ठेवा: अगदी बेस मॉडेलला एसी नाही आणि पॉवर स्टिअरिंगही नाही. वरच्या एलएक्सआय मॉडेलला दोन्ही आहे. कंपनीची सीएनजी असेल तर इंधनाचा खर्च कमी, पण डिकी टाकीने व्यापलेली. गाडी कोकणातली असेल तर पायाखालची मॅट उचलून पत्रा हाताने चाचपा, दारांच्या खालच्या कडा बघा. वरून रंग चकचकीत आणि खाली पत्रा सडलेला, असं सर्रास आढळतं.

थोडं बजेट वाढत असेल तर रेनो क्विडचा ८०० सीसीचा अवतारही बघून ठेवा. २०१५ पासूनची, उंच, डिकी दोघींपेक्षा बरीच मोठी. मात्र सर्व्हिसची सोय जवळ आहे का ते आधी पाहा.

नॅनोच ठरवली आणि २०१४ नंतरची मिळत नसेल, तरी निदान २००९ ते २०११ च्या गाड्यांच्या वाटेला जाऊ नका. २०१० मध्ये काही नॅनोंना आग लागल्यानंतर कंपनीने सायलेन्सर आणि वायरिंगला मोफत जादा संरक्षण बसवून द्यायचं जाहीर केलं होतं. नात्यातलीच जुनी गाडी घरात येत असेल तर ते काम झालं होतं का, हे सर्व्हिसच्या नोंदीत तपासा. त्यानंतर कुणी बाहेरून हॉर्न, टेप, दिवे जोडून वायरिंग उसवलं असेल तर ते इलेक्ट्रिशियनकडून पूर्ववत करून घ्या. आणि कुठलीही गाडी असो, सौदा करण्याआधी आरसीवरची, म्हणजे नोंदणीच्या कागदावरची, रजिस्ट्रेशनची मुदत वाचा. पंधरा वर्षं पूर्ण झालेली किंवा होत आलेली असतील तर आरटीओत गाडी दाखवून पुन्हा नोंदणी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नोंदणी मिळते ती पाच वर्षांचीच. हा खर्च विकणाऱ्याने करून द्यायचा की किमतीतून वजा करायचा, ते टोकन देण्याआधी बोलून घ्या.