सेन्सर लावावा की बोटच टोचत राहावं?

सेन्सर म्हणजे दंडाला चिकटवायचं, शुगर सतत मोजत राहणारं छोटं यंत्र. मधुमेहासाठी फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर असाल आणि एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७ च्या आत असेल, तर बहुधा बोट टोचून बघायचा ग्लुकोमीटरच पुरेल. प्रश्न खरा पडतो तो इन्शुलिन घेणाऱ्यांना, आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडच्या गोळ्यांवर असणाऱ्यांना. शुगर एकदम खाली जायची भीती मुख्यतः त्यांना. मी दोन्ही वापरलंय आणि सेन्सरकडे झुकलोय, हे आधीच सांगून ठेवतो.

ग्लुकोमीटरमध्ये मला खटकतं ते टोचणं नव्हे. बोटाच्या कडेला टोचलं, लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, दर वेळी नवी घेतली, तर दुखणं नावापुरतंच. खटकतं ते हे, की आकडा कळतो, दिशा कळत नाही. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या फलाटावर मीटर ११२ दाखवतो. हा ११२ तिथेच टिकून आहे, की चारच्या वड्यापावानंतर चढलेल्या १८० वरून उतरत आलाय? टिकून असेल तर घरी जाऊन निवांत जेवा. मिनिटाला २ ने उतरत असेल, तर वीसएक मिनिटांत सत्तरवर याल. म्हणजे अंधेरी सुटून गाडी न थांबता बोरिवलीकडे धावत असताना. विरार फास्टमध्ये त्या वेळी खिशापर्यंत हात जात नाही, तिथे डबी उघडून मीटरची स्ट्रिप (रक्ताचा थेंब लावायची पट्टी) कुठून काढणार? आणि घाम, घाबरं होणं ही शुगर लो झाल्याची लक्षणं तर त्या गर्दीत कुणालाही होतात, त्यामुळे अंगावरूनही ओळखू येत नाही.

सेन्सर तोच ११२ दाखवतो, पण शेजारी बाण असतो. बाण आडवा असेल तर गाडी पकडा. तिरका खाली असेल तर उतार मिनिटाला साधारण १ ते २ चा, सरळ खाली असेल तर २ पेक्षा जास्त. मग फलाटावरच काहीतरी खाऊन घ्यायचं आणि पुढची गाडी धरायची. माझ्यापुरता निर्णय या बाणानेच केला.

आता सेन्सरची दुसरी बाजू, कारण तो घेऊन निराश झालेलेही बरेच असतात. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असते. एरवी हे जाणवत नाही, लो झाल्यावर मात्र घोटाळा होतो. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटं थांबलो, तरी सेन्सर अजून ६० च म्हणतोय. म्हणून माणूस दुसरा ग्लास पितो, तिसरा पितो, आणि तासाभराने २५० वर जातो. लो झाल्यावरची दुसरी तपासणी बोटाचीच करावी. पहिल्या दिवसाचे आकडेही जरा जपूनच घ्यावेत. रात्री सेन्सरच्या दंडावर दाबून झोपलं तर खोटा लो दिसतो: तीन वाजता ५५, कूस बदलली की थोड्या वेळात पुन्हा ९५. म्हणून ज्या कुशीवर झोपता त्या बाजूला लावूच नका. व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज चघळत असाल तर काही सेन्सर खोटा जास्त आकडा दाखवतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मुंबईत सगळ्यात जास्त सेन्सर वाया जातात ते घामाने. चौदा दिवसांचा सेन्सर मे-जूनमध्ये आठव्या-नवव्या दिवशी कडेने सुटू लागतो, आणि एक दिवस सॅकचा पट्टा नाहीतर दाराची चौकट त्याला ओढून नेते. यावर उपाय लावतानाच करायचा असतो. दंडाची मागची मांसल जागा साध्या साबणाने धुवायची, केस असतील तर कापायचे, स्पिरिट स्वॅबने पुसायची आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची. इथल्या दमट हवेत दोन मिनिटं तरी लागतात. तेल, क्रीम, पावडर काही नको. लावल्यावर चिकटपट्टीची कड बोटाने गोल फिरवत दाबून बसवायची. वरून पारदर्शक ड्रेसिंग लावणार असाल तर सेन्सरच्या मधलं बारीक छिद्र झाकू नका.

ग्लुकोमीटरही पावसाळ्यात फसवतो, फक्त ते लवकर लक्षात येत नाही. स्ट्रिपला दमट हवा लागली की आकडे चुकतात. एक काढली की झाकण लगेच बंद करायचं, आणि स्ट्रिपा सुट्या करून गोळ्यांच्या पाकिटात ठेवायच्या नाहीत. आमरसाचे हात नुसते स्पिरिटने पुसून टोचलं तर बोटावरची साखरच मोजली जाते. साबणाने धुवून कोरडे करायलाच हवेत.

खर्चाचा फरक मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सेन्सर साधारण पाच हजारांना धरला तर वर्षाला २६ लागतात, म्हणजे एक लाख तीस हजार. रोज दोन स्ट्रिपा, वीस रुपयांची एक, असं धरलं तर वर्षाचे पंधरा हजारही होत नाहीत. दिवसातून चार वेळा इन्शुलिन घेणाऱ्याला कायमचा सेन्सर परवडत असेल तर तो जरूर घ्यावा. गोळ्यांवर असणाऱ्यांना मला वाटतं वर्षाला तीन-चार सेन्सर आणि मधल्या काळात मीटर, हे जास्त जमतं. ते चौदा दिवस नेहमीचे ऑफिसचे असू देत आणि काय, किती वाजता खाल्लं ते लिहून ठेवा. दोन तासांनी बोट टोचल्यावर १५० दिसणारे पोहे पाऊण-एक तासाला २२० ला जाऊन आलेले असू शकतात. हे स्ट्रिपवर कधीच दिसत नाही. आलेख घेऊन डॉक्टरांकडे जा. ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, हे बहुतेक प्रौढांसाठीचं लक्ष्य. वयस्कर माणसांसाठी ते सैल ठेवतात.

घेण्याआधी दुकानात एक गोष्ट नक्की विचारा: शुगर खाली गेली की हा आपणहून वाजतो का? काही सेन्सर फोन जवळ नेऊन स्कॅन केल्याशिवाय काहीच सांगत नाहीत, आणि आठ तासांत एकदाही स्कॅन केलं नाही तर आधीची नोंद जाते. रात्रीच्या लोच्या भीतीने घेत असाल, तर वाजणाराच घ्या. आपला फोन त्याच्या ॲपला चालतो का, हेही तिथेच उभ्या उभ्या बघून घ्या.