रिउकिन, ओरांडा, रांचू की ब्लॅक मूर? आधी बादल्या मोजा

३६ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच टँक काठोकाठ भरला तर त्यात १६० लिटरच्या आसपास पाणी मावतं. वरची दोन इंच मोकळी सोडली की १४० धरा. त्यातला तिसरा हिस्सा दर आठवड्याला बदलायचा, म्हणजे पंधरा लिटरच्या तीन बादल्या उपसायच्या आणि तीन भरायच्या. गोल्डफिश घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी हा हिशोब सांगतो. ज्याला तो झेपतो, त्याच्यासाठीच पुढचा प्रश्न उरतो: कुठला घ्यायचा?

एवढ्या टँकमध्ये फॅन्सी गोल्डफिश, म्हणजे वर नावं घेतलेल्या चौघांसारखे दुहेरी शेपटीचे, आखूड अंगाचे, तीनच. चौथा ‘एवढासा तर आहे’ म्हणून घरात येतो आणि बघता बघता मुठीएवढा होतो. गोल्डफिशला खरं जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं; म्हणून दिवसभर खा-खा आणि दिवसभर घाण. काचेच्या गोल भांड्याबद्दल मी बोलतच नाही. दुकानात शेजारच्या टँकमध्ये कॉमेट आणि शुबुंकिन स्वस्तात दिसतील. ते एका शेपटीचे, सडसडीत आणि चपळ. वाढून फूटभर होतात, त्यामुळे त्यांची जागा अंगणातल्या हौदात. फॅन्सीसोबत ठेवलेत तर खाणं सगळं तेच फस्त करतील.

आता हे चौघे. नवख्या माणसाला मी डोळे झाकून रिउकिन सांगतो. नाव पडलं रिउक्यू बेटांवरून, म्हणजे आजच्या ओकिनावावरून. मूळचा चीनचा, त्या वाटेने जपानात पोचला. डोक्यामागून एकदम उंच उठणारी पाठ आणि दुहेरी शेपटी ही त्याची ओळख. पाठीवरचा पंख शाबूत, डोळे साधे, तोंडावर मांस चढलेलं नाही. म्हणून दाणा पडला की आधी तोच पोचतो. आपल्याकडे बरेचदा रिउकिन आणि त्याचा साधा भाऊबंद फॅनटेल एकाच टँकमध्ये नुसते ‘गोल्डफिश’ म्हणून विकले जातात. फॅनटेल आला तरी तक्रार करू नका, तो चौघांहूनही काटक.

खरी ओढाताण होते ती ओरांडा आणि रांचूमध्ये, कारण दोघांच्याही डोक्यावर ती मांसल टोपी असते. हौशी लोक तिला वेन म्हणतात.

जपानी भाषेत ‘ओरांडा’ म्हणजे हॉलंड. मासा आला चीनमधून, पण त्या काळी जपानशी व्यापार करायची मुभा असलेले युरोपीय म्हणजे नागासाकीचे डच, आणि परदेशातून आलेलं जे काही वेगळं दिसेल त्याला डच म्हणायची तिथे रीत होती. तर या ‘डच’ माशाची टोपी दोन-तीन वर्षं वाढतच राहते. माझ्या रेडकॅपची, म्हणजे लाल टोपीच्या ओरांडाची, टोपी तिसऱ्या वर्षी दोन्ही डोळ्यांवर उतरली. दाणा नाकासमोरून खाली जायचा आणि हा दोन बोटं अलीकडे वाळू चोखत बसायचा. शेवटी मी दाणे चमच्यात भिजवून रोज डाव्या कोपऱ्यातच सोडायला लागलो. आठवड्याभरात त्याने तो कोपरा पाठ केला. आता मी नुसता टँकजवळ गेलो तरी तिथे जाऊन उभा राहतो. टोपी घरी कात्रीने छाटायच्या फंदात पडू नका. तिच्यावर मधूनच पांढरट साय धरल्यासारखी दिसते, ती बहुतेक वेळा नव्या वाढीची असते. तसेच कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या पंखांवर बारीक पांढरे ठिपके ओळीने आले, तर औषधाची बाटली उघडण्याआधी थांबा. नर लग्नाळू झाला की त्याला असे ठिपके येतात. अंगभर आणि शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर मात्र आजार समजा.

रांचूला पाठीवरचा पंखच नाही. तोल सावरणारा हा पंख नसल्यामुळे तो पोहत नाही, डुलत डुलत चालतो. बघायला फार गोड, पण जोराच्या फिल्टरपुढे त्याची दमछाक होते. त्याच्यासाठी मोठा स्पंज फिल्टर बरा. जपानमध्ये हा मासा परंपरेने उथळ पसरट टाकीत ठेवतात आणि वरून बघतात. पाठीची कमान, शेपटीची ठेवण हे सगळं वरून जोखायचं. म्हणजे दिवाणखान्यात काचेतून बघायला रांचू घेणारा अर्धाच रांचू बघतो. सावलीतली गच्ची किंवा रुंद, फूटभर खोल टब ठेवायला जागा असेल तर रांचूइतका देखणा मासा नाही. किंमत मात्र विचारून ठेवा. चांगल्या ठेवणीचा रांचू साध्या ओरांडाच्या कितीतरी पट महाग मिळतो.

ब्लॅक मूरचं थोडक्यात सांगतो. बाहेर आलेले दुर्बिणीसारखे डोळे, तरी दिसतं कमी. टँकमध्ये टोकदार दगड नको, प्लास्टिकची झाडं नको, खेळण्यातला किल्ला तर नकोच. मखमली काळा रंग बघून घेतलात तर एक गोष्ट आधीच ऐका: वय वाढलं की बरेच मूर पोटाकडून तांबूस व्हायला लागतात. रंगाने फसवलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

एकत्र ठेवायचे तर जोड्या खाण्याच्या वेगावर जुळवा. रिउकिन आणि ओरांडा नांदतात, फक्त ओरांडाची टोपी डोळ्यांवर यायला लागली की लक्ष द्या. रांचू आणि मूर दोघेही धिमे, त्यांचंही जमतं. रिउकिन आणि रांचू एकत्र ठेवलेत तर रिउकिन पुष्ट होत जाईल आणि रांचू उपाशी.

आपल्याकडची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. हे थंड पाण्याचे मासे, १८ ते २४ अंशांत खूश. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. आणि नेमका त्याच वेळी माशाला जास्त हवा असतो. जाड टोपीचे मासे आधी वर येऊन धापा टाकायला लागतात, रिउकिन त्या मानाने तग धरतो. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा टेबल फॅन लावला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बाष्पीभवन होऊन रोज थोडं कमी होतं, ते भरत राहा. नागपूर-अकोल्याकडचे असाल आणि खोलीत कूलर किंवा एसी नसेल, तर रांचूचा हट्ट सोडा. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

पाण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. बोअरचं जड पाणी गोल्डफिशला चालतं. त्यांना सात ते आठ पीएच मानवतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मात्र क्लोरीन काढणाऱ्या औषधाचे थेंब टाकून मारलाच पाहिजे. मोठी चूक होते ती टँक भरला त्याच संध्याकाळी मासे सोडण्यात. फिल्टरमध्ये अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून सुटणारं विष, पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात. चाचणी किटमध्ये अमोनिया आणि त्यापासून होणारं विषारी नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय मासा आणू नका. माझे पहिले दोन ओरांडा याच घाईत गेले. आठव्या दिवशी कल्ले लाल, मासे तळाला. दुकानातून निळं औषध आणून ओतलं, त्याने फिल्टरमध्ये जे काही जगू पाहत होतं तेही मारलं. स्पंजसुद्धा नळाखाली धुवायचा नसतो. टँकमधून उपसलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळायचा.

आखूड अंगाच्या या सगळ्या जातींना तरंगण्याचा त्रास होतो: खाल्लं की शेपूट वर, डोकं खाली, नाहीतर सरळ उताणं. रांचू आणि रिउकिन इथे बरोबरीचे. तरंगणारे दाणे खाताना मासा हवाही गिळतो, म्हणून बुडणारे दाणे घ्या, तेही भिजवून. आठवड्यातून एक उपास. कुणाची एकादशी असेल तर लक्षात ठेवायला सोपं.

फ्लॅट, काचेचा टँक, पहिलीच वेळ: रिउकिन किंवा फॅनटेल, तीन. वर्षभर पाणी सांभाळून झालं असेल आणि माणसाला ओळखणारा मासा हवा असेल: ओरांडा. मूर घ्यायचा तर दोन मूरच, सोबत फार तर एखादा धिमा रांचू, दुसरं कुणी नको. चांगल्या निगेत हे मासे दहा वर्षं काढतात, तेव्हा आज पाचवीत असलेली मुलगी कॉलेजात जाईपर्यंत बादल्या कोण उचलणार तेही ठरवा.

दुकानात गेलात, मग ते क्रॉफर्ड मार्केट असो की गल्लीतलं, पैसे काढण्याआधी दुकानदाराला दाणे टाकायला सांगा. जो मासा पंख मिटून कोपऱ्यात बसून राहील तो कितीही देखणा असला तरी सोडा. आणि त्याच टँकमध्ये एखादा मेलेला तरंगत असेल, तर त्यातला एकही नको.