पाड्यांसाठी आरोग्याचा निधी: उपकेंद्राची इमारत, फिरते पथक की गावातला माणूस?

आदिवासी तालुक्यात आरोग्याचा पैसा आला की पहिली मागणी इमारतीची होते, दुसरी गाडीची. पाड्यावरच राहणाऱ्या, नीट शिकवलेल्या माणसावर पैसा लावा, ही मागणी सगळ्यांत शेवटी येते, बऱ्याचदा येतच नाही. ग्रामसभेत, पंचायत समितीत किंवा जिल्हा नियोजनाच्या बैठकीत यावर तुम्हाला मत द्यायचे असेल, तर तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहा. आमचा कल आधीच सांगतो: वस्ती विखुरलेली असेल आणि पावसाळ्यात रस्ता तुटत असेल, तर पहिला वाटा माणसाला आणि औषधसाठ्याला, दुसरा गाडीला. इमारतीचे नंतर बघता येते. वस्ती एकवट असेल तर हा क्रम बदलतो.

उपकेंद्र

उपकेंद्र म्हणजे गावपातळीवरचा सर्वांत लहान सरकारी दवाखाना. त्याचा निकष लोकसंख्येचा आहे. सपाट भागात 5000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात 3000 मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे 30,000 आणि 20,000. कागदावर हे ठीक दिसते. पण 600 वस्तीचे पाच पाडे मिळून 3000 होतात, आणि उपकेंद्र त्यांतल्या एकातच बसते. बाकीच्या चार पाड्यांतून बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई नाला ओलांडून तिथे पोचेल का, हे लोकसंख्येच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून प्रस्तावाला पाडानिहाय चालण्याच्या वेळेचा नकाशा जोडा. दुर्गम भागात लोकसंख्येबरोबर पोचायला लागणारा वेळही धरावा आणि उपकेंद्र अर्ध्या तासाच्या पायवाटेत असावे, हा विचार आता केंद्राच्या मानकांतही आला आहे. त्याचा आधार घ्या.

नीट सुरू असलेले उपकेंद्र जे देते ते गाडी देऊ शकत नाही: रोजची तपासणी, खाजगीपणा, प्रसूतीची खोली, रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णाला एकच ओळखीचा चेहरा. आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे तिघे तिथे असतील तर आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे श्रेणीवाढ झालेल्या उपकेंद्राच्या, बारा सेवांपैकी बऱ्याच खरोखर मिळतात.

पण सुरू असलेले उपकेंद्र म्हणजे नुसती इमारत नव्हे. इमारतीची मंजुरी वेगळी आणि पदांची मंजुरी वेगळी. नव्या आरोग्य संस्थांच्या बृहत आराखड्यात नाव आहे, बांधकामाला पैसा आला, पण पदनिर्मितीचा आदेश नाही, अशी स्थिती असेल तर कुलूप लागलेली वास्तू उभी राहते. बांधकामाच्या ठरावाआधी पदमंजुरीच्या आदेशाची प्रत मागा. ती नसेल तर थांबा.

दुसरी चूक जागेची. फुकट मिळालेली जागा बहुधा गावाबाहेर, नाल्यापलीकडे असते. तिथे एकटी आरोग्यसेविका रात्री राहत नाही, आणि तिने राहावे अशी अपेक्षाही करू नये. पाणी नसेल तर प्रसूतीची खोली वर्षभरात भांडाराची खोली होते, म्हणून बोअरला पाणी लागल्यावरच पाया खणा. गावठाणात जागा नाही आणि भोवती वनजमीन आहे, असे असेल तर वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) खाली दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. ही वाट बऱ्याच सरपंचांना ठाऊक नसते आणि जागेअभावी प्रस्ताव पडून राहतो.

फिरते पथक

यात दोन प्रकार आहेत, त्यांची गल्लत करू नका. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली फिरती वैद्यकीय गाडी म्हणजे डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि औषधनिर्माता असा सगळा संच. सर्वसाधारण प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे एक, दुर्गम भागात शिथिल. दुसरे म्हणजे आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवन योजनेतले भरारी पथक: मानसेवी (मानधनावरचा) वैद्यकीय अधिकारी आणि सोबत छोटी जीप. घाटरस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर जीपच पोचते. मोठी गाडी फाट्यावर थांबते आणि पाड्यातून कोणी येत नाही.

फेऱ्यांचा हिशोब स्वतः मांडा. महिन्याला कामाचे 22 दिवस आणि दिवसाला दोन पाडे धरले, तर 44 पाड्यांना महिन्यातून एक फेरी मिळते. आठ तासांतले तीन प्रवासात गेले तर एका पाड्याला अडीच तास. एवढ्यात गरोदर मातेची तपासणी, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी, रक्तदाबाच्या गोळ्यांचे वाटप, त्वचारोग आणि डोळ्यांची तपासणी ही कामे चांगली होतात. फेरी आठवडे बाजाराच्या गावी, बाजाराच्या दिवशी लावली तर आसपासच्या पाड्यांतली माणसेही सापडतात. तिथे पोटतपासणीसाठी आडोसा मात्र आठवणीने ठेवा.

आजार फेरीची वाट बघत नाही, हा या पर्यायाचा मूळ दोष. आशाने, म्हणजे गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तीने, नवजात बाळाला घरी जाऊन पाहायचे दिवस ठरलेले आहेत: 3, 7, 14, 21, 28 आणि 42, आणि बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिलाही. महिन्याच्या फेरीत यांतला एखादा सापडला तर सापडला. रक्तदाबाच्या रुग्णाला 30 दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पुढची फेरी गाडी बिघडल्याने चुकली, की त्याचा महिना गोळीविना जातो. गाडी निवडलीच तर इंधन, टायर, दुरुस्ती आणि बदली चालक यांची तरतूद प्रस्तावात वेगळी दाखवा. गाड्या उभ्या राहतात त्या बहुधा याच खर्चापायी.

गावातला माणूस

महाराष्ट्राला याचा पुरावा बाहेरून आणावा लागत नाही. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यसेवा उभी केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आरोग्यदूतांकडून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि तीच पद्धत पुढे देशभरातल्या आशांच्या कामात आली.

एक काम जवळून पाहा. बाळाला खोकला आहे. आशा बाळ शांत असताना, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट छाती वर-खाली होताना मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, एक वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्याचे 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका धरायची आणि तातडीने पुढे पाठवायचे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट केली, किंवा बाळ रडत असताना मोजले, की आकडा चुकतो. ही मोजणी पाड्यावर रात्री दोन वाजताही होऊ शकते. जुलाबासाठी ओआरएस आणि 14 दिवस झिंक, तापासाठी मलेरियाची जलद चाचणी, हेही तसेच.

माणूस अपुरा पडतो तो तीन कारणांनी. पिशवी रिकामी राहते, मोबदला महिनोन्‌महिने अडकतो, आणि पाठवलेल्या रुग्णाला गाडी मिळत नाही. बाळंतपणातला अतिरक्तस्राव किंवा झटके आशा थांबवू शकत नाही. तिथे वेळेत पोचणे हाच उपाय. म्हणून माणसाबरोबर माहेरघर हवेच: तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे. तिथे सोबतच्या लहान मुलाची आणि नातेवाइकाची जेवणाची सोय नसेल तर बाई येत नाही. सर्पदंशातही माणसाचे काम म्हणजे हालचाल थांबवून रुग्णाला सर्पविषावरची लस असलेल्या केंद्रात लवकर पोचवणे, एवढेच.

कोणता पैसा कशाला चालतो

इथेच निर्णय खरा ठरतो. पंधराव्या वित्त आयोगाचे 2021 ते 2026 साठीचे 70,051 कोटींचे आरोग्य अनुदान इमारत नसलेली उपकेंद्रे, निदानाच्या सोयी आणि आरोग्य मंदिरांत रूपांतर अशा ठराविक बाबींसाठी आहे. त्याची मुदत 2025-26 पर्यंतचीच, त्यामुळे नवा प्रस्ताव त्या शीर्षावर (खर्चाच्या खात्यावर) बेतण्याआधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी खात्री करा. गाडी आणि कंत्राटी मनुष्यबळ राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येते. तिथे केंद्र-राज्य वाटा 60:40 आहे आणि मागणी अभियानाच्या आराखड्याच्या वेळी तालुक्यातूनच जावी लागते. ती वेळ हुकली की पुढच्या आराखड्यापर्यंत थांबायचे.

पेसा गावांना (अनुसूचित क्षेत्रातल्या, ग्रामसभेला जास्त अधिकार असलेल्या गावांना) मिळणारा आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेला, निधी मात्र ग्रामसभेच्या हातात आहे आणि आरोग्य ही त्यातली मान्य बाब आहे. त्यातून कायमचा पगार देण्याचे मनात आणू नका. पुढच्या वर्षी रक्कम बदलली की माणूस उघड्यावर पडतो. भाड्याच्या खोलीची दुरुस्ती, सौर दिवे, पाण्याची टाकी, माहेरघरातली भांडी आणि अंथरुणे यांना तो उत्तम. ग्राम आरोग्य समितीचे गावामागे वर्षाला 10,000 रुपये रुग्णाच्या तातडीच्या वाहनभाड्यासाठी राखून ठेवा. फवारणी आणि फलकांवर ते संपू देऊ नका.

पावसाळा तिन्ही पर्यायांना एकसारखा सोसत नाही. नर्मदेकाठच्या पाड्यांना तरंगता दवाखाना लागतो. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने वाट अडायची हे वर्षानुवर्षांचे. अशा ठिकाणी मेअखेर तीन ते चार महिन्यांचा औषधसाठा पाड्यावर पोचलेला हवा आणि जुन्या रुग्णांकडे निदान दोन महिन्यांच्या गोळ्या. लस मात्र अशी साठवता येत नाही. ती सत्राच्या दिवशी वाहकपेटीत बर्फाच्या चार पिशव्यांसह येते, आणि पिशव्या थोड्या वितळू न देता घातल्या तर पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) गोठून निकामी होते. म्हणून तुटणाऱ्या पाड्यांचे जूनमधले देय डोस मेमध्येच तपासा आणि वयात बसणारी मुले आधी उरका.

ठराव लिहिताना पाच गोष्टी नावानिशी घाला: कोणते पाडे, प्रत्येकापासून चालण्याचा वेळ, रस्ता बंद राहण्याचे महिने, पदमंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, आणि दुसऱ्या वर्षापासूनचा आवर्ती (दरवर्षी लागणारा) खर्च कोणत्या शीर्षातून येणार. पाचव्या रकान्यात काही लिहिता येत नसेल, तर त्या वर्षी इमारत आणि गाडी दोन्ही मागू नका. खोली, सौर दिवा, औषधाची पेटी आणि माहेरघर मागा.