नाताळातला खून: इंग्लिश हवेलीत की अमेरिकेच्या दक्षिणेत?

डिसेंबरात रजईत शिरून वाचायच्या खूनकथांची दोन घराणी. हवेलीवाल्यांकडे संशयित मोजकेच: बाहेर थंडी, आत म्हातारा श्रीमंत बाप आणि वारशावर डोळा ठेवून बसलेली मुलं. अगाथा ख्रिस्तीने १९३८ मध्ये तिच्या गुप्तहेर पॉयरोला असाच नाताळ दिला. तिच्या खुनांत रक्तच नसतं, अशी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची तक्रार होती, म्हणून हा खून मुद्दाम रक्तबंबाळ. कोडं म्हणून हा प्रकार सरस.

दक्षिणेत बर्फ क्वचितच, तेव्हा बर्फातले ठसे विसरा. पुरावा फिरतो तो चर्चच्या जेवणावळीत, ब्यूटी पार्लरमध्ये, पेकन पाय (अक्रोडासारख्या पेकनचा गोड पदार्थ) कापता कापता. लुइझियानातलं नॅकिटिश घ्या: १७१४ मध्ये वसलेलं, १९२७ पासून नाताळात नदीकाठी दिव्यांची आरास, खायला तिथले प्रसिद्ध मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या. गर्दी आहे, अंधारे कोपरे आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात. खुनाला आणखी काय हवं? त्यात शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, निवडून आलेला, म्हणजे चौकशी करायची ती आपल्याच मतदारांची. जॉर्जियात तर संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा कॉरोनरही निवडून येतो आणि तो डॉक्टर असायलाच हवा असं नाही! मग विषबाधेवर ‘हार्ट अटॅक’चा शिक्का बसतो आणि गोष्टीतल्या हौशी गुप्तहेर ग्रंथपाल बाईंनाच कंबर कसावी लागते, हे पटतं.

माझं मत दक्षिणेला. खटकतं एवढंच की, तिथला काळ्या-गोऱ्यांचा इतिहास या गोड गोष्टी बहुधा गालिच्याखाली सारतात. खुनाची सगळ्यात जुनी कारणं खरं तर तिथेच असतात.