मेणबत्त्यांचा डबा: आगमनकाळापासून गळ्याच्या आशीर्वादापर्यंत

आमच्या पॅरिशची, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चची सॅक्रिस्टी, उपासनेचं साहित्य ठेवायची खोली, मी सांभाळते. म्हणजे मिस्सेच्या, चर्चमधल्या उपासनेच्या, आधी वेदीवरचं कापड, पेला, द्राक्षारसाची कुपी, मेणबत्त्या; आणि मिस्सेनंतर त्याच मेणबत्त्यांनी कापडावर पाडलेले डाग. पहिलं काम सगळ्यांना दिसतं. दुसरं मला एकटीलाच दिसतं, म्हणून हा रिव्ह्यू.

यंदा पॅरिश कौन्सिलने हिवाळ्यातल्या सगळ्या सणांना पुरेल असा तयार डबा मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, असे डबे आता बरेच जण विकतात आणि सगळे सारखेच असावेत असा माझा संशय आहे. आत काय होतं ते सांगते. आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचं, लोखंडी कडं, ज्याला सगळे ॲडव्हेंट रीद म्हणतात. त्यात बसवून दर रविवारी एकेक वाढवत पेटवायला तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि मधोमध लावायची एक जाड पांढरी मेणबत्ती. २ फेब्रुवारीच्या मिरवणुकीसाठी शंभर बारीक मेणबत्त्या, मेण हातावर पडू नये म्हणून कागदी चकत्यांसकट. आणि ३ फेब्रुवारीला, सेंट ब्लेझच्या दिवशी, गळ्याला आशीर्वाद देण्यासाठी एक दुहेरी होल्डर.

आधी कड्याचं कौतुक करते, नाहीतर पुढे राहून जाईल. जड आहे, बूड सपाट आहे, वेदीसेवक पोरांच्या झग्याची बाही अडकली तरी उलटत नाही. बाही अडकली, म्हणून मला हे ठाऊक आहे. हिरव्या फांद्या खोचायला खाली तारेची जाळी आहे आणि फांद्या ज्योतीपासून चार बोटं तरी लांब राहतात. डबा भरणाऱ्यांपैकी निदान एकाने तरी वाळलेली फांदी पेट घेताना पाहिलेली असणार.

हे कडं मूळचं आपलं नाही बरं का. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे, धर्मशास्त्रज्ञ निराधार मुलांचं घर चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं विचारून पोरांनी त्यांना भंडावून सोडलं, तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून दिल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची, मोजत बसायचं. कॅथलिक चर्चमध्ये हे चाक आलं ते विसाव्या शतकात. मेणबत्त्यांवर आगमनकाळाचा जांभळा रंग चढला आणि तिसऱ्या, आनंदाच्या रविवारसाठी एक गुलाबी झाली.

त्या गुलाबीबद्दल बोलायलाच हवं. तिसऱ्या रविवारी फादर जो झगा घालतात तो फिकट असतो, सुकलेल्या गुलाबाच्या पाकळीसारखा. डब्यातली मेणबत्ती निघाली राणी कलरची. लग्नाच्या मंडपात शोभली असती. मिस्सेआधी फादरनी एकदा मेणबत्तीकडे पाहिलं, एकदा आपल्या झग्याकडे, आणि म्हणाले, "ताई, दोघांपैकी एकाला आत ठेवावं लागेल." झगा आत ठेवता येत नव्हता. शेवटी मेणबत्तीही बाहेरच राहिली आणि पहिल्या बाकावरची पोरं सगळं प्रवचन तिच्याकडे बघत बसली.

आता खरी तक्रार. डब्यावर लिहिलंय, जांभळी मेणबत्ती तीस तास जळेल. आगमनकाळ २२ दिवसांचा असू शकतो आणि २८ दिवसांचाही, नाताळ कोणत्या वारी पडतो त्यावर ते ठरतं. २०२५ साली तो ३० नोव्हेंबरला सुरू झाला, म्हणजे २५ दिवस. आमच्याकडे रविवारच्या तीन मिस्सा, शनिवार संध्याकाळची धरून, आणि रोजची एक छोटी. रविवारी मिस्सेमागे एक तास, इतर दिवशी पाऊण. ८ डिसेंबरला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण, त्याची संध्याकाळची मिस्सा वेगळी. मी वहीत मांडून पाहिलं: पहिली मेणबत्ती २४ तारखेच्या सकाळपर्यंत एकोणतीस तासांच्या आसपास जळते. चौथी जेमतेम सव्वापाच तास. म्हणजे कागदावर पहिली पुरायला हवी होती, अगदी काठावर का होईना.

पुरली नाही. चौथ्या रविवारी, सकाळच्या पहिल्या मिस्सेला, दुसरं वाचन चालू असताना ती खोबणीत बसली. आधी ज्योत निळी झाली, मग फडफडली, आणि मग तिने जो धूर काढला तो थेट वाचन करणाऱ्या बाईंच्या चष्म्यावर. बाईंनी पौलाचं पत्र न अडखळता पूर्ण केलं, त्यांना मानलं पाहिजे. पण ज्या दिवशी चार ज्योती दिसायला हव्यात त्याच दिवशी तीन दिसल्या. वहीप्रमाणे ती चोवीस तास जळली होती. दाराचा वारा लागतो, मान्य. पण वारा कोणत्या चर्चमध्ये लागत नाही?

यावर उपाय आहे आणि तो डब्यात चिठ्ठी टाकून सांगता आला असता. तिन्ही जांभळ्या सारख्याच आहेत, तेव्हा दर आठवड्याला त्यांच्या जागा बदलायच्या. तिन्ही साधारण एकत्र संपतात. आमच्या फादरना ते पटत नाही. त्यांना तो जिना आवडतो, पहिली बुटकी, चौथी उंच. लांबून पाहणाऱ्यालाही कळतं की कितवा आठवडा चालू आहे. मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. मग कंपनीने पहिली मेणबत्ती मुळातच लांब द्यावी. वीतभर जास्त मेणाने कुणाचं दिवाळं निघणार नाही.

मेणाबद्दल. डब्यावर मधमाशीचं चित्र आहे, मोठं, पंख पसरलेलं. बुडाशी बारीक अक्षरात लिहिलंय, "मिश्र मेण". चष्मा लावून वाचलं. आपल्याकडे मधमाशीच्या मेणाचा आग्रह जुना आहे. १९०४ साली रोमने तडजोड केली होती, की मिस्सेच्या आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीत बहुतांश मेण मधमाशीचं असावं, बाकीच्यांत दुसरं मिसळलं तरी चालेल. म्हणजे भेसळीचा प्रश्न काही आजचा नाही. घरी ओळखायचं कसं? शुद्ध मेण ठेवून ठेवलं की त्यावर पांढरट भुरी धरते आणि कापडाने पुसली की जाते. वासही येतो, न पेटवताच. ते वितळतंही उशिरा, ६२ ते ६४ अंशांना, म्हणून सावकाश जळतं आणि कमी ओघळतं. या डब्यातल्या मेणबत्त्यांना ना भुरी, ना वास, आणि ओघळ म्हणाल तर विचारू नका.

साधं पिवळं मेण सांडलं तर मी घाबरत नाही. गार होऊ द्यायचं, चमच्याच्या पाठीने खरवडायचं, वर खाली खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. कागद मेण पिऊन घेतो. पण रंगीत मेणाचा मेणकटपणा जातो, रंग राहतो. वेदीच्या कापडाच्या डाव्या कोपऱ्यावर रुपयाएवढा जांभळा डाग आहे. ते कापड मी सध्या उलटं अंथरते. हे कुणाला सांगू नका.

मधली पांढरी मेणबत्ती नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला लावली. तीन इंच जाड, दिसायला सगळ्यांत देखणी. दोन आठवड्यांत तिच्यात विहीर पडली: वात खोल खाली आणि भोवती मेणाची भिंत. प्रकटीकरणाच्या, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत ज्योत दिसेनाशी झाली, नुसती भिंत आतून उजळलेली. पोरांना ते आवडलं, कंदिलासारखं दिसतं म्हणे. इथे मात्र निम्मी चूक माझी. जाड मेणबत्ती पहिल्यांदा पेटवली की वितळलेलं मेण कडेला पोचेपर्यंत विझवायची नसते. इंचामागे एक तास धरायचा. म्हणजे तीन तास. मिस्सा दीड तासाची होती, दोन वाजत आले होते, लोक एकमेकांना शुभेच्छा देत बाहेर पडत होते आणि मला घरी जायचं होतं. फुंकर मारली. निम्मी चूक कंपनीची, कारण इतक्या जाड मेणबत्तीला इतकी बारीक वात घालणं हा निव्वळ कंजूसपणा आहे.

कौन्सिलमधल्या एका काकांनी तेव्हा सुचवलं की पुढच्या वर्षी बॅटरीवरच्या घ्या, ना धूर ना डाग. मी म्हटलं, काका, प्रकटीकरणाला तुम्ही दारावर खडूने २० + सी + एम + बी + २६, म्हणजे साल आणि तीन राजांची आद्याक्षरं, लिहिता, त्याऐवजी स्टिकर चिकटवू का? ते गप्प बसले. फादर हसले, पण बाजू कुणाची घेतली नाही.

डब्यातली सगळ्यांत साधी वस्तू त्या बारीक मेणबत्त्या, आणि सगळ्यांत चांगली निघाली तीच. २ फेब्रुवारी, नाताळ धरून चाळिसावा दिवस. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात येतात आणि म्हातारा शिमोन त्याला हातात घेऊन सर्व राष्ट्रांचा प्रकाश म्हणतो, त्याचा सण. या दिवशी बाहेर अंगणात उभं राहून मेणबत्त्यांवर आशीर्वाद घ्यायचा आणि पेटत्या ज्योती घेऊन आत यायचं. २०२६ ला सोमवार आला, तरी सत्तर-ऐंशी माणसं जमली.

या मेणबत्त्या नीट जळल्या. वात सरळ, ज्योत छोटी, वाऱ्यात विझली तरी शेजाऱ्याच्या मेणबत्तीवर लगेच परत धरायची. इथे एक सांगते, कारण दरवर्षी पोरं चुकतात: पेटलेली मेणबत्ती ताठ धरा आणि न पेटलेली तिच्याकडे वाकवा. उलटं केलं की वितळलेलं मेण दुसऱ्याच्या मनगटावर. कागदी चकत्यांची भोकं मात्र मोठी आहेत, चकती घसरून मुठीत येते आणि मेण तिच्यावरून बोटांवर. आदल्या रात्री आम्ही तिघींनी जुन्या आमंत्रणपत्रिका कापून शंभर चकत्या केल्या, मधे भोक न पाडता फक्त फुली कापली. घट्ट बसल्या.

मिरवणूक निघाली तेव्हा सगळ्यांत पुढे आमच्या पॅरिशमधल्या सगळ्यांत वयस्कर बाई होत्या, एका हातात काठी, दुसऱ्यात मेणबत्ती. शिमोनाबरोबर मंदिरात हन्ना होती, चौऱ्याऐंशी वर्षांची. या बाईंनी तो आकडा केव्हाच मागे टाकलाय. दारातून आत येईपर्यंत त्यांची ज्योत दोनदा विझली आणि दोन्ही वेळा मागच्या पोराने पेटवून दिली. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत आल्या, म्हणाल्या, "बाय, मला आणखी दोन दे." एक घरच्या मूर्तीपुढे. दुसरी कशाला ते मी विचारलं नाही. आशीर्वादाची मेणबत्ती लोक घरात कोणत्या वेळेसाठी राखून ठेवतात ते मला माहीत आहे. चांगल्या सरळ निवडून दिल्या.

सेंट ब्लेझच्या होल्डरवर फार शब्द घालवत नाही. ब्लेझ सेबास्तेचे बिशप, चौथ्या शतकाच्या सुरुवातीचे हुतात्मे. माशाचा काटा घशात अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवलं अशी आख्यायिका, म्हणून दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याशी धरून आशीर्वाद देतात. होल्डर कडक पत्र्याचा आहे, मधली जागा सहा वर्षांच्या पोराच्या मानेएवढी. आमच्या गायनमंडळातल्या बास गाणाऱ्या दादांच्या गळ्याशी तो नेला तर आशीर्वादाऐवजी अटक केल्यासारखं दिसलं. तिसऱ्या माणसानंतर फादरनी तो माझ्या हातात दिला. आदल्या दिवशीच्या दोन बारीक मेणबत्त्या घेतल्या, लाल फितीने फुली बांधली आणि ओळ पुढे सरकली.

तर पाचपैकी तीन तारे. दीड कड्याला, दीड बारीक मेणबत्त्यांना. या दोन गोष्टी सुट्या मिळत असतील तर डोळे मिटून घ्या. जांभळ्या आणि गुलाबी मेणबत्त्या दुसरीकडून घ्या, हातात घेऊन, रंग उजेडात बघून, शक्य असेल तर फादरचा झगा बरोबर नेऊन. जाड पांढरी घ्यायचीच तर वात जाड आहे ना ते बघा, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर थांबायची तयारी ठेवा.

आशीर्वादाच्या मेणबत्त्यांचे तुकडे मी कचऱ्यात टाकत नाही, एका पत्र्याच्या डब्यात साठवते. कडं पुसून खिळ्याला टांगलंय. चार खोबण्या स्वच्छ केल्या. पाचवीत, जिथे पहिली मेणबत्ती बसली होती, तिथे जांभळं मेण घट्ट होऊन बसलंय. गरम पाण्याने निघेल. नोव्हेंबरच्या आत काढते.